डोक्यातला खडा

ढोम्याचं डोकं चोखताना दाताखाली खडा येतो, हे कोकणात पोराटोरांनाही ठाऊक असतं. आम्ही भावंडं ते खडे धुऊन डबीत साठवायचो. पांढरे, चिंचोक्याहून लहान, एक अंग फुगीर आणि दुसऱ्या अंगावर कोरल्यासारखी खाच. मालवणात दांडीला आमचं घर, समोर वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. वडील रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे; आई बाजारात टोपली घेऊन बसायची. घरात मासा रोजचाच, त्यामुळे डबीही लवकर भरायची. मोरीच्या आणि वागळीच्या डोक्यात मात्र खडा कधी मिळायचा नाही. का मिळत नाही, याचं उत्तर घरात कुणाकडे नव्हतं.

ते मला गोव्यात एमएस्सीला गेल्यावर मिळालं. हाडं असलेल्या जवळजवळ प्रत्येक माशाच्या कवटीच्या आत, कानात, असे खडे असतात. मोरी-वागळी हे कूर्चेचे मासे, त्यांच्या कानात नुसती बारीक कणी. खडा चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. त्याच्यामुळे माशाला तोल कळतो आणि आवाज ऐकू येतो. मासा वाढतो तसा खडा थरावर थर चढवत वाढतो. कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात, पिल्लांच्या खड्यात तर एकेका दिवसाचं वलय. आणि माझ्या कामाची खरी गोष्ट ही की जातीजातीच्या खड्याची घडण वेगळी. ढोम्याच्या कुळातल्या माशांची खाच बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लासारखी असते, एकदा ओळखीची झाली की विसरत नाही. शास्त्रात याला ओटोलिथ म्हणतात. मी अजून खडाच म्हणते.

आता पंचवीसहून जास्त वर्षं मी हे खडे शोधते आहे, मेलेल्या डॉल्फिनच्या पोटात आणि पाणमांजराच्या विष्ठेत. किनाऱ्यावरची जनावरं काय खातात आणि त्यांना काय होतं, हे बघायचं, असं माझं काम. ऐकणाऱ्याला ही दोन कामं वाटतात. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. आहार एका वहीत, आजार दुसऱ्या वहीत. तोंडवळीच्या किनाऱ्यावरच्या एका सकाळी त्या दोन वह्यांची एक वही झाली.

१९९९ चा मे महिना सरत आला होता. रात्री वळीव पडून गेला होता आणि वाळू घट्ट, गडद झाली होती. भरतीच्या रेषेवर गादा पडला होता. आमच्याकडे डॉल्फिनला गादा म्हणतात. हा किनाऱ्यालगत राहणारा, पाठीवर उंचवटा असलेला, खाड्यांच्या मुखाशी दिसतो तो. वनखात्याची माणसं पंचनामा लिहीत होती. हे जनावर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत आहे, मेलं तरी परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. पशुवैद्य डॉक्टर आले, पोट उघडलं आणि मी पुढे सरसावले.

गाद्याचं पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं. पहिला कप्पा म्हणजे जाड थैली, गिळलेला मासा आधी तिथे पडतो. ती थैली दोन्ही टोकांना सुतळीने घट्ट बांधायची आणि मगच कापायची, नाहीतर अर्धा पुरावा वाळूत सांडतो. मी ती बादलीत उघडली. वास कसा होता ते लिहीत नाही. एकावर एक तीन चाळण्या ठेवल्या, वरची रव्याची, खालची मैद्याची असं समजा, आणि समुद्राचंच पाणी ओतत राहिले. वरच्या चाळणीत अर्धवट विरघळलेले मणके, एक अख्खा शेवटा मासा, शेपटीकडून गळत आलेला. मधल्या चाळणीत खडे. बोटांनी चाचपताना तीच खाच लागली, डबीतल्या खड्यांची. ढोमे. माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. आम्ही एकाच ताटात जेवत होतो, तो आणि मी.

खडे मोजायची एक रीत आहे. माशाला डावा आणि उजवा असे दोन मोठे खडे असतात, आरशातल्या प्रतिमेसारखे. दोन्ही वेगळे मोजायचे आणि जो आकडा मोठा तो धरायचा. त्या दिवशी १४ डावे निघाले, ११ उजवे. म्हणजे कमीत कमी १४ ढोमे. खड्याच्या लांबीवरून मासा केवढा होता त्याचाही अंदाज निघतो. त्याच चाळणीत माकुलाच्या चोची होत्या, पोपटाच्या चोचीसारख्या काळ्या, ४३. मी घरी येऊन दिवसभर लिहीत बसले आणि अहवालात ठोकून दिलं की हा गादा मुख्यतः माकूल खाणारा होता.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी अहवाल वाचला आणि एवढंच विचारलं, “चोच किती दिवसांची?” मी गप्प. चोच पचत नाही, ती पोटात साठत जाते. चुन्याचा खडा पोटातल्या आम्लात बघता बघता झिजतो. म्हणजे १४ ढोमे हे फार तर आदल्या दिवसाचं जेवण, आणि ४३ चोची ही कित्येक दिवसांची उरलीसुरली. दोन्ही एका तराजूत टाकून मी निष्कर्ष काढला होता. चूक साधी होती, पण तेव्हापासून चाळणीत काय आलं याच्याआधी मी स्वतःला विचारते, चाळणीत येऊ शकलं नाही ते काय?

त्या सकाळची दुसरी गोष्ट मात्र बाईंनी शिकवली नाही. मी बादलीवर वाकलेले असताना एक म्हातारे रापणकर मागे उभे होते. ते म्हणाले, “पोटात काय सोदतंस गो बाय? आधी त्येची मान बघ.” मानेवर आणि पुढच्या पंखांच्या बुडाशी बारीक समांतर रेषा होत्या, दोरा घट्ट गुंडाळल्यावर बोटावर उमटतात तशा. जाळ्याचा वळ. गादा मासा नाही, त्याला श्वासाला वर यावं लागतं. जाळ्यात अडकला की तो गुदमरून मरतो.

मग सगळं जुळलं. चरबीचा थर चांगला जाड होता, पोट भरलेलं होतं, शेवटा अजून विरघळायचा होता. आजारी जनावराचं पोट बहुधा रिकामं असतं आणि चरबी उतरलेली असते. हा गादा धडधाकट होता, जेवत होता आणि जेवता जेवता मेला. जिथे ढोमे आणि शेवटे, तिथेच जाळं, तिथेच गादा. त्याने काय खाल्लं हे ठाऊक नसतं तर तो कशाने गेला हे अर्धंच कळलं असतं. तेव्हापासून माझी वही एकच आहे.

गादा ढोम्यापर्यंत पोचतो कसा, याचाही माझ्या लहानपणाशी संबंध आहे. ढोम्याच्या पोटात हवेची पिशवी असते. त्याच कुळातल्या घोळीची ही पिशवी पालघरकडे बोत म्हणून सोन्याच्या मोलाने विकली जाते. या पिशवीवर स्नायू आपटून हे मासे आवाज काढतात, कुरकुर, ढबढब. माझे आजोबा वल्ह्याचा दांडा पाण्यात धरून दुसऱ्या टोकाला कान लावायचे आणि खाली ढोमे आहेत की नाहीत ते सांगायचे. पुढे २००५ मध्ये फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरातला एक प्रयोग वाचला आणि मला आजोबाच आठवले. तिथल्या संशोधकांनी पाण्यात ध्वनिक्षेपक सोडून माशांचे आवाज वाजवले, तर तिथले डॉल्फिन वळून आवाजाच्या दिशेने गेले. म्हणजे स्वतः आवाज काढून प्रतिध्वनीवर शिकार शोधण्याआधी ते नुसतं ऐकतात. देवबाग-तारकर्लीला डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्या सुट्टीच्या दिवसांत एकामागोमाग एक सुटतात. तिथे मी पाण्यात मायक्रोफोन सोडून बसले आहे. इंजिन बंद असताना खालून कुरकुर येते. इंजिन सुरू झालं की फक्त इंजिन. पर्यटनावर माझ्याच गल्लीतली घरं चालतात, त्यामुळे होड्या बंद करा असं मी कधी म्हणणार नाही. पण गादे दिसले की इंजिन बंद करून थांबा, हे मी प्रत्येक होडीवाल्याला सांगते. बरेच जण आता थांबतात.

डॉल्फिनचं मेलेलं शरीर वर्षातून थोड्याच वेळा हाताला लागतं, तेही बातमी वेळेवर कळली तर. कित्येकदा मी पोचेपर्यंत वाळूत खड्डा बुजवून झालेला असतो. पाणमांजराचं तसं नाही, ते रोज लेखी जबाब देतं. कर्लीच्या खाडीत कांदळवनाच्या कडेला काही ठरावीक खडक आहेत, पाणमांजरांचं कुटुंब तिथेच येऊन विष्ठा टाकतं. ताजी असेल तर काळी, चिकट आणि माशाच्या तेलाचा वास येणारी. सुकली की राखाडी होते आणि हाताने चुरली जाते, आत खवले चकाकतात. मी ती घरी आणते, कोमट पाण्यात थोडी कपडे धुवायची पावडर घालून रात्रभर भिजवते, सकाळी चहाच्या गाळणीत धुते आणि वर्तमानपत्रावर वाळवते. उरतात खवले, काटे, कुर्ल्यांच्या नांग्यांचे तुकडे आणि खडे.

एकदा एक काटा कशाचा ते मला काही केल्या लागेना. करवतीसारखे दाते असलेला, नखाएवढा तुकडा. आई भाजी निवडत होती. तिने तो अंगठ्यावर घेतला, दातांवरून एकदा नख फिरवलं आणि म्हणाली, “शेंगाळो.” तिच्या अंगठ्याला आयुष्यभर शेंगाळ्याचे काटे टोचले होते. पुस्तक काढून पडताळलं, शेंगाळाच होता.

या तुकड्यांचा उपयोग फक्त माझ्या कुतूहलापुरता नाही. कोळंबीच्या तळ्यांचे मालक म्हणतात की पाणमांजरं सगळं पीक खातात. गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटावर, कांदळवनाला लागून असलेल्या खाजणांत, हीच तक्रार ऐकायला मिळते. विष्ठा धुतली की तक्रार किती खरी ते दिसतं, कधी त्यांच्या बाजूने, कधी पाणमांजराच्या. दोन्ही निकाल मी त्यांच्या अंगणात बसून वाचून दाखवते.

अन्न आणि आजार कसे एकाच दोऱ्यात ओवलेले असतात, हे मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते मात्र कॅलिफोर्नियातल्या पाणमांजरांच्या बाबतीत. ती आपल्या पाणमांजरांची समुद्रात राहणारी चुलत भावंडं. तिथे मेलेल्या कित्येक पाणमांजरांच्या मेंदूत टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी सापडत होता. हा परजीवी मांजरांचा. त्याची बीजं फक्त मांजराच्या कुळातल्या जनावरांच्या विष्ठेतूनच बाहेर पडतात. मग समुद्रात कशी पोचली? पावसाच्या पाण्याबरोबर, नाल्यांतून. आणि सगळ्याच पाणमांजरांना सारखी बाधा का होत नव्हती? तिथल्या प्रत्येक पाणमांजराची खाण्याची आवड वेगळी असते, आणि ती आवड पिल्लू आईकडून शिकतं. कुणी अबालोन नावाचे मोठे शिंपले फोडतं, कुणी खेकडे, कुणी समुद्री शेवाळावरच्या बारीक गोगलगायी वेचतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की गोगलगायींवर जगणाऱ्यांना बाधा होण्याची शक्यता अबालोन खाणाऱ्यांच्या १२ पट होती. गोगलगाय पानांवरचा चिकट थर खरवडून खाते, त्या थराला मांजराची बीजं चिकटलेली. म्हणजे आईने कुठला घास भरवायला शिकवला, त्यावर पिल्लाचा आजार ठरला.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर, मुसळधार पावसानंतर मेलेल्या डॉल्फिनमध्येही हाच परजीवी सापडला होता, आणि ते डॉल्फिन आपल्या गाद्याचे सख्खे नातलग. मासळीबाजार म्हटला की मांजरं आलीच. बाजारामागून नाला जातो, नाला खाडीत आणि खाडीच्या मुखाशी गादे. मिरगाच्या पहिल्या सरीला लोक आनंदतात, मी त्या दिवशी नाल्याच्या तोंडाशी पाण्याच्या बाटल्या भरत असते.

पोटात काल काय होतं हे खडा सांगतो. गेल्या काही महिन्यांत काय होतं, हे विचारायचं तर कातडी लागते. मुलांना हे सांगताना मी भात आणि भाकरीचं उदाहरण देते. तांदूळ आणि ज्वारी ही दोन झाडं हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने वापरतात, त्यामुळे त्यांच्यातल्या जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण वेगळं असतं. जन्मभर भात खाल्लेल्या मालवणी माणसाचा केस आणि भाकरीवर वाढलेल्या सोलापूरच्या माणसाचा केस, दोन्ही यंत्रात घातले तर फरक दिसतो. समुद्रात किनाऱ्यालगतचं अन्न आणि खोल पाण्यातलं अन्न यांतही असाच फरक असतो. नायट्रोजनवरून दुसरी गोष्ट कळते. अन्नसाखळीत एकेक पायरी वर चढलं की जड नायट्रोजन हजारी तीन-चारने वाढतो. नखाएवढ्या कातडीवरून जनावर कुठे जेवतं आणि कुठल्या पायरीवर बसून जेवतं, ते कळतं.

वरच्या पायरीवर बसण्याची किंमत असते. डीडीटीसारखी रसायनं चरबीत साठतात आणि पायरी चढेल तशी घट्ट होत जातात. गादीण आपल्या चरबीतला हा साठा दुधावाटे पिल्लाला देते, आणि सगळ्यात मोठा वाटा पहिल्या पिल्लाला जातो. नराला तो कुठेच देता येत नाही, त्याच्या अंगात तो वयाबरोबर वाढतच राहतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मुलगी होऊन चार महिने झाले होते. त्या रात्री मी बराच वेळ तिला मांडीवर घेऊन बसले होते.

कासवांबद्दल लिहायचं तर दुसरा लेख लागेल. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोकणातल्या कासव संवर्धनाची सुरुवात एका पक्ष्यामुळे झाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं २००२ मध्ये समुद्री गरुडाची पाहणी करत मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पोचली, तेव्हा त्यांना किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची रिकामी टरफलं दिसली. तिथून पुढे वेळासचं काय झालं ते महाराष्ट्राला माहीत आहे. गरुडाच्या मागावर असताना कुणीतरी टरफलांपाशी थांबलं, एवढ्यावर ते सगळं उभं आहे.

पावसाळ्यात वाऱ्याबरोबर अशक्त कासवं किनाऱ्याला लागतात. माझ्यासमोर आलेल्या एका तुळतुळीत पाठीच्या मादीला पाण्यात सोडलं की ती एका कुशीवर तरंगायची, खाली जाताच यायचं नाही. आतड्यात वायू धरला होता. टाकीतलं पाणी मी रोज त्याच चाळणीतून गाळत होते. पाचव्या दिवशी विष्ठा आली, त्यात निळ्या दोरीचे धागे आणि वेफरच्या पाकिटाची चंदेरी पट्टी, शिवणीच्या दातेरी कडेसकट. कासवाच्या घशात मागे वळलेले काटे असतात, निसटती जेलीफिश धरून ठेवायला. एकदा आत गेलेलं त्याला थुंकता येत नाही. आणि ते प्लास्टिक खातं ते नुसतं जेलीफिशसारखं दिसतं म्हणून नव्हे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात समुद्रात भिजून शेवाळ धरलेल्या प्लास्टिकच्या वासाला कासवांनी अन्नाच्या वासासारखाच प्रतिसाद दिला. त्या मादीला फसवलं ते तिच्या नाकाने, ज्या नाकावर तिच्या पूर्वजांनी कोट्यवधी वर्षं भरवसा ठेवला. अकराव्या दिवशी ती टाकीच्या तळाला जाऊन बसली. मी टाकीच्या कठड्याला धरून रडले.

वडिलांशी माझा वाद मात्र शेवटपर्यंत चालला. गाद्यांनी जाळं फाडलं की ते घरी येऊन माझ्याकडे बघायचे, जणू मीच त्यांना पाठवलं होतं. फाटलेलं जाळं विणायला किती रात्री जातात हे मी लहानपणापासून पाहिलं आहे, त्यामुळे मला उलट बोलता यायचं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की संरक्षित जनावर सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. मी तो कागद वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी तो परत एकदा वाचायला लावला आणि मग घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो रापणीवर सगळ्यांनी वाचला.

माझ्याकडे आता खड्यांची तीनेकशे पाकिटं आहेत. ताजा मासा घ्यायचा, लांबी मोजायची, वजन करायचं, डोकं उकडून खडे काढायचे आणि पाकिटावर नाव, तारीख, जागा लिहायची. पोटातून निघालेला खडा याच पाकिटांशी ताडून बघायचा. मासा अर्थात खायचा. वडील गेले, आई आता ऐंशीच्या पुढे आहे, बाजारात बसत नाही. पण घरात ढोमे शिजले की डोकी तिच्याच ताटात जातात. ती सावकाश चोखते, दाताखाली खडा आला की जिभेने पुढे आणते, ताटाच्या कडेला ठेवते, बोटाने उलटा करून खाच बघते, आणि मला विचारते, “ह्यो डावो की उजवो गो?”